बीटेनच्या ड्रममधलं मीठ

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी माल काढायची घाई. त्या बुधवारी 500 किलो फेसवॉश तयार होता, पण पार पाण्यासारखा.

ऑपरेटर काकांनी मिठाची पिशवी उचललीच होती. "मॅडम, अजून दोन किलो टाकू? मिठानं धरतं की नेहमी."

धरतं, हे खरं. एसएलईएस म्हणजे फेसवॉश-शाम्पूमधलं मुख्य फेस देणारं द्रव्य. पाण्यात त्याच्या रेणूंचे सूक्ष्म गोळे होतात, तेच मायसेल. रेणूंची डोकी ऋणभारित, एकमेकांना ढकलणारी. मिठातल्या सोडियमने ही ढकलाढकल कमी होते, गोळे लांबतात, शेवयांसारखे गुंततात आणि माल घट्ट होतो. एका हद्दीपर्यंतच. पुढे तेच मीठ माल पातळ करतं. दुकानात लोक बाटली तिरकी करून घट्टपणावरून दर्जा ठरवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. सफाईचा त्याच्याशी संबंध नाही.

"काका, थांबा. एक दाणाही नको."

गरम माल पातळच दिसतो, म्हणून नमुना 25 अंशांवर आणला. तरी तसाच. मग दोन बीकर घेतले. एकात चिमूटभर मीठ, दुसऱ्यात थोडं डीएम (क्षार काढलेलं) पाणी. मिठाचा आणखी पातळ झाला, पाण्याचा घट्ट! काका बीकर पुन्हा पुन्हा कलता करून बघत होते.

आमच्या ग्राहक कंपनीने फेसवॉश सौम्य व्हावा म्हणून एसएलईएस कमी करून कोकामिडोप्रोपिल बीटेन हे सौम्य फेसद्रव्य 4 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर नेलं होतं. निर्णय चांगलाच, बीटेनमुळे एसएलईएसचा त्वचेला होणारा त्रास खरोखर कमी होतो. पण बीटेन बनतानाच मीठ तयार होतं आणि त्यातच राहतं, 30 टक्क्यांच्या द्रावात साधारण 5 टक्के. आमच्या 60 किलो बीटेनसोबत तीन किलो मीठ आधीच आलं होतं. शिवाय बीटेन स्वतःही मायसेल लांबवतं, म्हणजे मीठ कमीच लागतं. फॉर्म्युल्याच्या कागदावर मिठाचा आकडा मात्र जुनाच.

नुसतं पाणी ओतून भागलं असतं, पण प्रिझर्वेटिव्ह आणि धुण्याची ताकद दोन्ही उतरली असती. ते मला मान्य नव्हतं. दुसऱ्या टाकीत बिनमिठाची बॅच केली आणि दोन्ही थोडं थोडं मिसळत, व्हिस्कोमीटर, म्हणजे घट्टपणा मोजणारं यंत्र, बघत गेलो. फिलिंग रात्री उशिरा सुरू झालं.

कंपनीला तेव्हाच मेल केला: मिठाचा ठरावीक आकडा काढा, बीटेनच्या प्रत्येक लॉटच्या सर्टिफिकेटवर मिठाचं प्रमाण मागा. शुक्रवारी होकार आला.