आमची वाटचाल : पणजीच्या खाडीकाठाने

गोव्यात पर्यटनाचा धंदा करायचा तर किनाऱ्यावर, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. पाहुणा कळंगुट-बागा सोडून पणजीत पायी फिरायला पैसे देईल, यावर कोणाचा विश्वास नव्हता. माझे यजमान हॉटेलात नोकरीला होते, मी शाळेत इतिहास शिकवायचे. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडची कुटुंबं मांडवीत बोटीवर तासभर नाचून परत जायची. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर फोंतेन्हास ही जुन्या घरांची वस्ती आहे, हे त्यांना कोणी सांगतच नसे. ती रुखरुख होती, म्हणून २००९ साली नोकऱ्या सांभाळून आम्ही रविवारी मराठीतून हेरिटेज वॉक सुरू केले.

वेळ चांगली साधली. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला, नदीकाठाचं रूप पालटलं, जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची इमारत सावरली गेली. २०१६ पासून सेरेंडिपिटी या कला महोत्सवाने या जुन्या वास्तूंमध्ये चित्रं, नाटकं, गाणं आणलं. डिसेंबरात आमच्याकडे जागा शिल्लक राहीनाशी झाली ती तेव्हापासून.

आमची सुरुवात होते आबे फारियांच्या पुतळ्यापाशी. कांदोळीत जन्मलेल्या या पाद्र्याने युरोपात संमोहनविद्येचा पाया घालायला हातभार लावला, आणि १९४५ चा हा पुतळा घडवला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी. शेजारीच आदिलशाही राजवाडा. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरू लागली, तेव्हा १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहायला आले; १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मग नदी डावीकडे ठेवून पाटो हा भाग, आणि तिथून रुआ द ओरें या खाडीकाठच्या रस्त्याच्या कडेने वस्तीत.

फोंतेन्हास म्हणजे मुळात नारळाचं भाट, म्हणजे बागायत. आता तिथे पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं आहेत. लोक रंगांचेच फोटो काढतात, मी मात्र खिडकीपाशी थांबवते. तावदानात काच नाही, पातळ चपट्या शिंपल्यांचे चौकोन आहेत, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले. आतून बघितलं की उजेड दुधाळ दिसतो, ऊन डोळ्यांवर येत नाही. हे शिंपले आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे एखादा फुटला की बहुतेक घरांत तिथे काच बसते. एका खिडकीत शिंपले आणि काचा मोजायला मुलांना सांगितलं, की जपणूक म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

ही घरं राहती आहेत, हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत पाव-पोई घेऊन येतो, मळा या भागातल्या मारुतीच्या जत्रेला गल्ल्या फुलून जातात. अलीकडे मात्र फोटोसाठी लोक कोणाच्याही पायरीवर बसतात, दारात कपडे बदलतात. रहिवाशांनी पाट्या लावल्या, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. आमच्या गटात दहाच्या वर माणसं नसतात, उंबऱ्याच्या आत कॅमेरा जात नाही, आणि दुपारच्या निजेच्या वेळेला आम्ही गल्लीत शिरत नाही. एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीने आठवड्याला दोन बसगाड्या भरून माणसं द्यायची तयारी दाखवली होती. पैसा पुष्कळ होता. आम्ही नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं असं आजही वाटतं.

वॉक संपतो तो इथल्याच एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, चहा आणि दोदोल या गोड पदार्थावर. त्या घरच्या बाईंना माणशी ठरलेले पैसे तिथल्या तिथे मिळतात. कोविडमध्ये सगळं थांबलं, तेव्हा याच घरांनी आमची चौकशी केली. पुन्हा सुरू करायचं ठरलं, त्या दिवशी पहिला फोन आम्ही त्यांनाच केला.

आता दोघंही पूर्णवेळ यातच आहोत, मुलगी शाळांच्या सहली बघते. पुढचा विचार आहे रायबंदरच्या वाटेचा. १६३३-३४ मध्ये मिठागरांच्या कडेने बांधलेला लिन्यारिस नावाचा तो लांबलचक पूल आजही वाहनं वाहतो, आणि त्यावरून गाडीने जाणाऱ्यांना आपण पुलावर आहोत हे कळतही नाही. तिथे सावली कमी आहे, वर्दळ फार. त्यामुळे रविवारी पहाटे, मोजकी माणसं घेऊन, असं ठरवतोय. ज्यांना यायचं असेल त्यांनी चालायचे बूट आणावेत.