मँडरिनची पाठ भरतेय: ८० लिटरच्या टाकीतली नोंद

कुडाळच्या मित्राने टाकी आवरली आणि त्याचा मँडरिन, म्हणजे छोटा रंगीत समुद्री मासा, मालवणात माझ्याकडे आला. रंग शाबूत, पण पोट आत गेलेलं. पोटाचं मी फार मनावर घेत नाही, चार घास मिळाले की ते भरतं. बघायची ती पाठ. डोक्यामागे, वरच्या पराच्या दोन्ही बाजूंना खोबण पडली असेल तर मासा स्वतःचं मांस जाळतोय असं समजायचं. याला खोबण होती, पण फार खोल नाही. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी नव्हती, म्हणून जंतांच्या औषधाच्या वाटेला गेलो नाही.

समुद्रात हा मासा दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी जीव, एकेक करून टिपतो. माझ्या टाकीतल्या खडकांवर तेवढे तयार होणं शक्यच नाही. त्यात क्लाउनफिशची जोडी, पडलेलं खाणं तळाला पोचूच देत नाही. मँडरिन मात्र प्रत्येक कण आधी निरखणार, मग विचार करणार, मग टिपणार. पंगतीत सावकाश जेवणाऱ्यापर्यंत वाढपी पोचेस्तोवर पातेलं रिकामं, तशी याची गत. माझ्या मते याची खरी अडचण खाण्यापेक्षा वेळेची होती. म्हणून टाकीतच जाळीची पेटी अडकवून त्याला वेगळा बसवला. पाणी तेच, वाटेकरी नाहीत.

सुरुवात आर्टेमियाने, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाच्या पिल्लांनी. आपल्याकडच्या उकाड्यात अंडी साधारण दिवसभरात फुटतात. अंड्यांच्या भांड्यातली बुडबुड्यांची हवा बंद केली की टरफलं वर येतात, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, तिथून नळीने ओढून घ्यायची आणि गोड्या पाण्यात खळबळून द्यायची. पण ताजीच. पोटातला बलक हीच त्यांची शिदोरी, ती संपली की मासा दिवसभर खाऊनही रोडच राहतो. उरलेल्या पिल्लांना फायटोप्लँक्टन (पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ) पाजून मगच दुसऱ्या दिवशी वापरतो. एकदम भरपूर न देता सकाळपासून दिवे मालवेपर्यंत थोडं थोडं घालत राहिलो. पोट आठवड्याभरात गोल झालं. पाठ तशीच.

नुसत्या आर्टेमियावर मांस धरत नाही हे माहीत होतं, पण गोठवलेल्या मायसिसकडे (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) साहेब ढुंकूनही बघेनात. जवळा बारीक चिरून दिला, तो तोंडात घेऊन थुंकला. मग बाजारात बांगड्याची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, मागितली, अगदी एक तुकडा.

"इतकीशी? कोणाच्या पोटाक पुरतली?" मावशी.

"माशाक."

"माशाची गाबोळी माशाक!" म्हणत तिने पैसेच घेतले नाहीत.

वरचा पापुद्रा काढून दाणे चहाच्या गाळणीत खाऱ्या पाण्याने धुतले, पातळ थरात गोठवले. चिमूटभर पिपेटने समोर सोडले आणि त्याने पहिल्याच दिवशी टिपले. आकार कोपेपॉडच्या जवळचा, त्यात चरबी भरपूर. आता त्याच दाण्यांत मायसिसचा चुरा मिसळतो, तोही जातो पोटात. मासा खायला लागावा म्हणून काही जण खाण्याला लसणाचा रस लावतात; माझा त्यावर विश्वास नाही, वापरला नाही.

गाबोळीचं तेल पाणी लवकर नासवतं. पेटीच्या तळाशी उरलेलं अर्ध्या तासात ओढून काढतो, पाणीही नेहमीपेक्षा जास्त वेळा बदलतो. चिवल्याच्या किनाऱ्याचं पाणी इतक्यात आणत नाही. पावसानंतर ते गढूळ असतं आणि खारटपणाही उतरलेला असतो. मीठ कालवून १.०२५ घनतेला आणलेलंच वापरतो. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप तयार आहे. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात इतकं खाणं चाललेलं.

सध्या खोबण वरून बघितली तर जेमतेम दिसते. पेटीतून सोडायची घाई नाही. सोडल्यावर त्याच्यासाठी अरुंद तोंडाची काचेची बाटली तळाशी आडवी ठेवणार, खाणं आत. क्लाउनफिश आत शिरतात का, ते पाहायचं. बाजूला कोपेपॉडची बादली लावली आहे, फायटोप्लँक्टनचं हिरवं पाणी घालून. ती चांगली भरेपर्यंत तरी दोन्ही वेळचं ताट मलाच वाढायचंय.