फाळक्यांच्या नाशकातून ‘सेल्युलॉइड मॅन’

शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट नाशिककरांनी तरी अवश्य पाहावा, असे मला वाटते. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी रीळ रीळ जमवून उभे केले, त्या पी. के. नायर यांची ही कहाणी असून, दादासाहेब फाळके यांचे चित्रपट आज जेवढे काही पाहायला मिळतात, त्याचे मोठे श्रेय नायरांच्या चिकाटीला जाते.

फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) चेच पाहा. सुरुवातीला त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग तीच श्रीकृष्ण होऊन कालियाशी झुंजते. पौराणिक कथेआधी मुलीचा अभिनय मिरवणारा हा बाप मला फार आवडतो. त्या काळचे चित्रपट ज्या फितीवर निघत, ती नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते, जुनी झाली की चिकट होऊन कुजते आणि तिच्यातल्या चांदीसाठी रिळे विकलीही जात. अशा स्थितीत हा खोडकर चेहरा टिकला, हेच नवल.

डुंगरपूर यांनी हा माहितीपट फिल्मवरच चित्रित केला, तोही डिजिटलच्या जमान्यात. लांबी मात्र थोडी आवरती घ्यायला हवी होती. पुढे २०१४ साली त्यांनी मुंबईत ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ स्थापन केले आणि जुन्या चित्रपटांचे जतन हेच आपले काम मानले.