तुम्ही विचारलंत म्हणून : अजून हाताने पत्रं लिहिता? कोणाला?

हा प्रश्न मला लग्नात, बँकेत, अगदी भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये पण लोक विचारतात, आणि विचारताना चेहरा असा करतात जसं काही मी अजून चुलीवर फुंकर घालत बसते. मग मागोमाग दुसरा प्रश्न, सवय टिकवली कशी? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक देता येईल.

आधी कोणाला ते सांगते. मुख्य म्हणजे माझ्या मोठ्या आत्याला. ती सुरतला असते, उधन्याला. आमच्याकडे खानदेशात शिरपूर म्हणा, शिंदखेडा म्हणा, नंदुरबार, अमळनेर म्हणा, कितीतरी घरातलं कोणी ना कोणी सुरतला लूमवर नाहीतर साडी मार्केटला गेलेलंच आहे, तशीच आत्या पण फुवांच्या (तिच्या नवऱ्याच्या) मागे गेली ती तिथलीच झाली. आता तिला ऐकू कमी येतं. फोन केला की "हां हां, बरं बरं" करते आणि ठेवून देते, काय कळलं ते तिलाच ठाऊक. तिला वाचताही येत नाही. पत्र तिचा नातू वाचून दाखवतो, कानाशी बसून, मोठ्याने, आणि तिचं समाधान नाही झालं तर दुसऱ्या दिवशी परत वाचायला लावते. नातू गुजराती मीडियमचा. हिंदीमुळे त्याला देवनागरी येते पण गिचमिड अक्षर लागत नाही, म्हणून मी एकेक अक्षर सुटं, ठळक काढते, पहिलीच्या पाटीवर काढतात तसं.

आणि पत्र असतं अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत. "आमना आठे बठ्ठा मजामा शेतस, तुमना तठे पानी पडना का?" (आमच्याकडे सगळे मजेत आहेत, तुमच्याकडे पाऊस पडला का?) हे फोनवर टाइप करून बघा एकदा, शे लिहिलं की कीबोर्ड शेअर सुचवतो, वाक्य पुरं होईपर्यंत त्याची शुद्ध मराठी झालेली असते नाहीतर हिंदी. कागद मधे बोलत नाही. तो नातू सुरुवातीला वाचताना हसायचा म्हणे, आता आजीला अडून अडून अर्थ विचारतो आणि आजी त्या निमित्ताने त्याला आख्खं गाव सांगते, कोणाचा मळा कुठे, कोणाची विहीर आटली, कोणाचं कोणाशी पटत नाही. मी दोन ओळी लिहायच्या आणि तिकडे तासभर गप्पा, एवढा स्वस्त सौदा दुसरा मला तरी माहीत नाही.

आता सवयीचं. मला विचाराल तर पत्रं मोबाइलने जेवढी मारली तेवढीच ती भारी करून ठेवल्याने मेली. लोक उत्साहाने हँडमेड कागद आणतात, शाईचं पेन आणतात, ऑनलाइन लाखेचा शिक्का मागवतात (आमच्याकडच्या मे महिन्यात लाख!) आणि मग एवढ्या सरंजामाला शोभेल असं लिहायला काही सुचत नाही, सगळं कपाटात. माझ्याकडे पोस्टकार्डं, थोडी इनलँड (घडी घालून चिकटवायची पत्रं), थोडी पाकिटं आणि एक बॉलपेन असतं. बॉलपेनच, कारण पावसाळ्यात पोस्टमनची पिशवी भिजली की जेलपेनचा पत्ता पसरतो. मजकूर पण साधाच. पाऊस झाला की नाही, दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी) निसवली का, कपाशीवर काय पडलंय, रावेरला केळीला काय भाव निघाला, कोणाकडे पाहुणे बघायला आले होते. विचार बिचार काही नाही. आपली जुनी कार्डं काढून बघा, आजोबा काय फार मोठं लिहायचे का? वर श्री, मग तीर्थरूप किंवा चिरंजीव, पत्रास कारण की, आणि कारण बहुतेक वेळा बैल नाहीतर पैसे. बातमी मरणाची असली की कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, ते घरात न आणता बाहेरच वाचून फाडून टाकायचे. लोकांना तेव्हा पत्राचं दडपण नव्हतं, भीती असलीच तर त्या फाटक्या कोपऱ्याची.

कार्ड अजून ५० पैशाला मिळतं, इनलँड अडीच रुपये, पाकीट पाच. १८७९ साली पोस्टकार्ड सुरू झालं तेव्हा पाव आणा होता. एक कार्ड पोचवायला सरकारला आजच्या ५० पैशाच्या कितीतरी पट खर्च येतो, त्यामुळे पोस्टात कार्डं मागितली की काउंटरवरचे साहेब "स्टॉक नाही" म्हणतात तेव्हा मी फार वाद घालत नाही, मिळतील तेव्हा जास्त घेऊन ठेवते. पाच रुपयात २० ग्रॅम जातं, म्हणजे साधी ए-फोर पानं तीन, चौथं घातलं की जादा तिकीट लावावं लागतं, नाहीतर समोरच्याला कमी पडलेल्या पैशाच्या दुप्पट भरून ते सोडवावं लागतं. पिन कोड नक्की लिहा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि बसवला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतात कविताही करायचे. पिनवर डोळे झाकून अंदाज मात्र बांधू नका, धुळे शहर ४२४ आणि त्याच जिल्ह्यातलं शिरपूर ४२५, कारण पोस्टाला जिल्ह्याची हद्द नाही, पत्र कुठल्या वाटेने जातं ते महत्त्वाचं.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं तेव्हा मला ढिगाने मेसेज आले, ताई आता तुमची पत्रं संपली. अहो रजिस्टर संपलं, साधं पत्र जातंय की. तार २०१३ ला बंद झाली तेव्हा पण हेच लोक हेच म्हणत होते.

काही जण म्हणतात जवळच्याला काय लिहायचं, रोज तर भेटतो. हे मला अजिबात पटत नाही. मी अमळनेरची, आमच्या इथे प्रताप हायस्कूलला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने रोजचं दैनिक लिहून काढायचे. मुलं त्याच इमारतीत, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, तरी लिहून द्यायचे. ज्या पोराला तोंडावर बोललेलं लागतं, त्याला लिहिलेलं एकट्याने वाचता येतं, राग येऊन गेल्यावर परत वाचता येतं. मी माझ्या मुलीला दहावीच्या वर्षी एकाच घरात असून चिठ्ठ्या लिहिल्या, डब्याखाली ठेवायचे. तिने एकदाही उत्तर दिलं नाही आणि एकही चिठ्ठी फेकली नाही.

उत्तराची वाट बघितली तर सवय मोडते, हे मात्र आधीच सांगून ठेवते. माझा पुण्याचा भाचा पत्र मिळालं की त्याचा फोटो काढून व्हॉट्सअपवर अंगठा टाकतो. टाकू दे, पोचल्याची पावती झाली. पण त्याची बायको नागपूरकडची, तिने मागच्या हिवाळ्यात चक्क इनलँड भरून पाठवलं, तीन बाजूंनी घट्ट चिकटवलेलं, उघडताना दोन ओळी फाटल्याच. नोकरीचं, सासूचं, भाड्याच्या घराचं सगळं मोकळेपणी लिहिलं होतं, जे ती फोनवर कधी बोलली नसती कारण फोन नेहमी स्पीकरवर असतो. शेवटी ता.क. मध्ये बामणोदची भरताची वांगी मागितली होती, पुण्यात काटेरी मिळतात ती भाजली की कडू लागतात म्हणे. उत्तराचं कार्ड त्याच दिवशी पेटीत टाकलं, आणि वांगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवली, ड्रायव्हरला पन्नास रुपये देऊन.