क्वेखच्या शोधात ग्लासगो-एडिनबरा (दोन कानांची चांदीची वाटी)

लेक ग्लासगोला असते, मे महिन्यात तिच्याकडे तीन आठवडे राहून आले, आणि या वेळी ठरवूनच गेले होते की जुना क्वेख नुसता काचेतून बघायचा नाही, एक घरी आणायचा.

क्वेख म्हणजे पसरट उथळ वाटी आणि दोन बाजूंना दोन चपटे कान. कान हा शब्द माझा नाही हां, तिकडचे लोकच त्यांना लग म्हणतात आणि स्कॉट्स बोलीत लग म्हणजे कान. मूळ गेलिक शब्द कुआख, म्हणजे पेला. व्हिस्की नाहीतर ब्रँडी भरून दोन्ही हातांनी पाहुण्यापुढे धरायचा आणि त्यानेही दोन्ही हातांनीच घ्यायचा.

पहिलं काम, काहीही विकत घ्यायच्या आधी एडिनबराला चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंड बघा, फुकट आहे. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून ट्रेनने साधारण पाऊण-एक तास. क्वेख आधी लाकडाचे असायचे, पिंपासारख्या पट्ट्या जोडून वर बंद आवळायचे. 17व्या शतकात चांदीचे व्हायला लागले तरी सोनारांनी वाटीवर उभ्या रेघा कोरून त्या लाकडी पट्ट्यांची आठवण ठेवली, आणि रेघांच्या मधे ट्यूलिप आणि गुलाब. चांदीला पट्ट्यांची काही गरज नव्हती, तरी कोरल्या. मी त्यावर किती वेळ वाकून बघत होते, लेक कंटाळून कॉफी प्यायला गेली. कानांवर बऱ्याचदा नवरा-बायकोची आद्याक्षरं असतात, तीही बघा.

इतके जुने क्वेख आपल्या बजेटमध्ये येत नाहीत हे आधीच मनाशी धरा. 19व्या शतकाच्या शेवटचे आणि 20व्या शतकाच्या सुरुवातीचे छोटे क्वेख मात्र मिळतात, बक्षीस म्हणून किंवा बारशाला दिलेले. भिंग जवळ ठेवाच, दहापट मोठं दिसणारं. चांदी तपासल्याची खूण म्हणून त्यावर शिक्के (हॉलमार्क) मारलेले असतात. एडिनबराचा शिक्का म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला, 1759 पासून 1974 पर्यंत त्याच्या जोडीला थिसलचं फूल, शिवाय वर्षाचं अक्षर. अक्षरं फिरून फिरून येतात, म्हणून त्याचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार बघितल्याशिवाय वर्ष ठरवू नका. राजा किंवा राणीचं डोकं असेल तर बहुतेक वेळा 1784 ते 1890 च्या मधलं. ग्लासगोच्या शिक्क्यात झाड, पक्षी, घंटा आणि मासा, तिथलं शिक्के मारायचं ऑफिस 1964 ला बंद झालं. ईपीएनएस लिहिलेलं असेल तर ती चांदी नाही, मुलामा आहे.

आता महत्त्वाचं. एका दुकानात फार देखणा क्वेख होता, भावही बरा, मी जवळजवळ कार्ड काढलंच होतं. मग कानाच्या जोडावर तोंडाची वाफ सोडली, आरशावर सोडतो तशी, आणि वाफ विरताना जोडाभोवती एक करडा डाग उठून दिसला. कान तुटून पुन्हा झाळलेला होता, दुकानदाराने शब्दाने सांगितलं नव्हतं. वाटीच्या तळाशीही असंच करा, जुनं नाव घासून काढलेलं असेल तर तिथे पत्रा पातळ लागतो, अंगठ्याने हलकं दाबून कळतं. आपल्या सराफाकडे आपण वजन आणि घट बघतो, इथे वजनापेक्षा जोड आणि शिक्का बघायचा.

लिलावात घ्यायचा विचार असेल तर एडिनबराला ब्रॉटन प्लेसवर लायन अँड टर्नबुल आहे, 1826 पासूनचं, जुन्या चर्चच्या इमारतीत. विक्रीच्या आधी माल हातात घेऊन बघायचे दिवस असतात, ते धरून तिकीट काढा. बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन आणि वर व्हॅट लागतो, तो आधीच हिशोबात घ्या.

शेवटी मी दुसऱ्या एका छोट्या दुकानातून 160 पाउंडांना घेतला, 1920 च्या दशकातला, तळहातात मावेल एवढा, किल्ला आणि थिसल स्वच्छ वाचता येतात. बिलावर शिक्क्यांचं वर्णन लिहून घेतलं, आणि बिल नि वाटी दोन्ही हँडबॅगेत ठेवले.

कोजागिरीला आटीव दूध त्यातच दिलं, एकाने दुसऱ्याच्या हातात, दोन्ही हातांनी. नंतर लगेच कोमट पाण्याने धुवून मऊ सुती कापडाने पुसा, रांगोळी-राख अजिबात लावू नका, त्याने शिक्के झिजतात.