तुम्ही विचारलंत म्हणून: एका डॉलरसाठी इतके डॉलर का मोजते?

माझा अमेरिकेच्या स्मरणार्थ नाण्यांचा, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या आठवणीसाठी काढलेल्या नाण्यांचा, संग्रह पाहिलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारतं. नाण्यावर छापलंय 'एक डॉलर', घेताना त्याच्या कितीतरी पट मोजलेत, आणि विकायला गेलात तर तेवढे परत येतीलच असं नाही. मग घेता कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगते.

आधी हिशेब. अमेरिकेत स्मरणार्थ नाणी काढणं १९५४ नंतर बंदच पडलं होतं. १९८२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माला २५० वर्षं झाली म्हणून चांदीचा अर्धा डॉलर काढला आणि ती प्रथा पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पूर्ण डॉलर आला: २६.७३ ग्रॅम वजन, ९० टक्के चांदी. या नाण्यांसाठी संसद कायदा करते आणि किमतीत एक अधिभार धरलेला असतो. अलीकडे तो चांदीच्या डॉलरमागे १० डॉलर असतो आणि कायद्यात नाव असलेल्या संस्थेला जातो. १९८६ च्या स्वातंत्र्यदेवतेच्या नाण्यांनी तिच्या पुतळ्याच्या आणि शेजारच्या एलिस बेटाच्या डागडुजीसाठी आठ कोटी डॉलरहून अधिक उभे केले. म्हणजे पैशांचा एक भाग देणगी, एक भाग चांदी, उरलेला घडणावळ. दर्शनी किमतीशी या हिशेबाचा काही संबंध नाही.

भाव वाढेल या आशेने घेणाऱ्यांना मी परावृत्तच करते. १९८६ च्या त्याच डॉलरची प्रूफ नाणी, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत घडवलेली, ६४ लाखांवर विकली गेली. आज तो चांदीच्या भावाच्या आसपास मिळतो. उलट १९९५-९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने इतकी वेगवेगळी नाणी काढली की संग्राहक थकले. काही साधी, म्हणजे प्रूफ नसलेली नाणी पंधरा हजारांच्या आसपासच खपली आणि तीच पुढे महाग झाली. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? त्या अतिरेकानंतर कायदा झाला आणि १९९९ पासून वर्षाला दोनच विषयांची मर्यादा आली. माझ्या मते फार बरं झालं.

मी घेते ते छापासाठी. ३८ मिलिमीटरच्या चकतीत एखादा प्रसंग मावतो की नाही, हे पाहायला मला मनापासून आवडतं. पुष्कळदा मावत नाही. इमारत, झेंडा, गरुड, तारखा, सगळं कोंबलेलं असतं. अशी नाणी मी सोडून देते.

२००७ चा लिटल रॉकचा डॉलर मात्र बघाच. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सामधल्या त्या गावात नऊ कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली, गव्हर्नरने नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सैनिक लावून त्यांना अडवलं, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची १०१ वी एअरबोर्न ही छत्रीधारी तुकडी पाठवून त्यांना वर्गात पोचवलं. नाण्यावर एकही चेहरा दिसत नाही. चालणाऱ्या मुलांचे पाय, सोबत सशस्त्र सैनिक आणि नऊ तारे. बस्स. शाळेत निघालेल्या पोरांशेजारी शस्त्र, एवढ्यात सगळं कळतं. त्याच्या शेजारी मी १९९० चा आयझेनहॉवर डॉलर ठेवलाय. त्यावर त्यांचीच दोन मुखं आहेत: एक पाच ताऱ्यांच्या जनरलचं, एक राष्ट्राध्यक्षाचं. सैन्य पाठवायचा निर्णय घेणारा माणूस सेनापतीही होता, हे या दोन नाण्यांनी मला एकत्र दाखवलं. पुस्तकात वाचलं होतं, पण असं डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

दुसरं माझं लाडकं म्हणजे अंधांसाठी ठिपक्यांची लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलचं २००९ चं नाणं. त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीचं. आपल्याकडेही त्याच वर्षी त्याच्या नावाचं दोन रुपयांचं नाणं निघालं होतं, कुणाच्या गल्ल्यात अजून असेल. डॉलरच्या मागच्या बाजूला पुस्तक वाचणारं मूल आहे आणि वर ब्रेलमध्ये 'ब्रेल' या शब्दाचा संक्षेप. २००३ च्या अलाबामा राज्याच्या पाव डॉलरवर अंध लेखिका हेलन केलरचं नाव ब्रेलमध्ये होतं, पण ठिपके इतके बारीक की बोटाला वाचता येत नसत. इथे ते खरोखर वाचता येतात. नाण्याच्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, फक्त कडेने धरायचं, हा आमचा पहिला नियम. पण हे नाणं बोटांसाठीच घडवलंय! म्हणून माझ्याकडे ते दोनदा आहे. प्रूफ प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये बंद, आणि साधं एक उघडं. येणाऱ्या पोरांना मी उघडं नाणं देते आणि डोळे मिटून ठिपके मोजायला सांगते. त्याला ओरखडे पडलेत, चांदी काळवंडलीय, विक्रीची किंमत गेलीच. तिची मला काही चिंता नाही.

"मग आम्ही कुठलं घ्यावं?" हाही प्रश्न येतोच. टांकसाळीकडून नवं घेण्याची घाई करू नका, अधिभार ज्या कामाला जातो ते तुम्हाला जवळचं वाटत असेल तर वेगळं. ऐंशीच्या दशकातलं एखादं जुन्या नाण्यांच्या विक्रेत्याकडे बघा. डबा आणि प्रमाणपत्र सोबत मागा. पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या, पाकिटात असेल तर आधी त्यातून काढा, कारण त्यात चांदीवर हिरवट चिकट थर धरतो. आणि चकचकीत करायला कधीही पॉलिश लावू नका.