तुम्ही विचारलंत म्हणून: कळशीचे तोंड

डिचोली तालुक्यातील आमच्या घरी तीन पिढ्या चवथीचे गणपती घडवले जातात आणि मी स्वतः आता शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे मुलांचे आईवडील मला एक प्रश्न हमखास विचारतात: चित्रशाळेत, म्हणजे गणपती घडवण्याच्या जागेत वाढलेल्या, हात आधीच बसलेल्या मुलीला कला महाविद्यालयात पहिल्या आठवड्यात शिकवले तरी काय? प्रश्न रास्त आहे, आणि आजवर मी त्याचे उत्तर घाईघाईने देत आले आहे.

पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर असलेले गोवा कला महाविद्यालय १९७२ मध्ये सुरू झाले. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ या काळात तेथे प्राचार्य होते, आणि त्यांचे नाव घेताना आमच्या आजोबांचा आवाज आदराने हळू होत असे. एवढ्या नावाच्या ठिकाणी गेल्यागेल्या तैलरंग हाती येतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले वर्ष सर्वांनाच पायाभूत अभ्यासाचे असते; पुढे कोणी रंगचित्रकलेकडे जावो किंवा उपयोजित कलेकडे, सुरुवात वस्तुचित्रण, रंगज्ञान, संकल्पचित्र, अक्षरलेखन आणि यथार्थदर्शन (दूर-जवळच्या वस्तू डोळ्यांना दिसतात तशा कागदावर उतरवणे) यांनीच होते.

सोमवारी सरांनी एका स्टुलावर तांब्याची कळशी, दोन नारळ आणि चुरगळलेली चादर मांडली. अर्ध्या तासात माझे चित्र तयार झाले, छायांकनासकट. सर मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, ‘‘तू बसली आहेस तिथून कळशीचे तोंड इतके गोल दिसते?’’ ते दिसत नव्हते. तोंड गोल असते हे मला ठाऊक होते म्हणून मी ते गोल काढले होते, आणि कळशी सपाट जागेवर बसते म्हणून तिचा तळ सरळ रेषेने संपवला होता. खरे तर दोन्ही वर्तुळेच. फक्त तिरकस पाहिल्यामुळे ती लंबवर्तुळे दिसतात. डोळ्यांच्या पातळीजवळचे लंबवर्तुळ चपटे दिसते, आणि ते जसजसे त्या पातळीच्या खाली जाते तसतसे उघडत जाते. म्हणजे माझ्या जागेवरून तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा अधिक हवा होता, आणि मी नेमके उलटे केले होते. शिवाय लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना मी कोपरे काढले होते, जे तेथे कधीच नसतात.

मंगळवारी आणि बुधवारी तीच कळशी. एकदा उभे राहून, एकदा बाकावर बसून आणि शेवटी जमिनीवर मांडी घालून. जमिनीवरून कळशीचे तोंड दिसेनासे झाले आणि तिचा काठ कमानीसारखा वर वळला. एक डोळा मिटून, हात ताठ धरून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेण्याची सवय त्या दोन दिवसांत लागली. ती आजही सुटलेली नाही.

गुरुवारच्या रंगज्ञानाच्या तासाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. श्रावणातील दमट हवेत पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळेपर्यंतच तास संपला. (जलरंग घेऊन बसणाऱ्या गोव्याच्या मुलांना संयम वेगळा शिकवावा लागत नाही.) शुक्रवारी मात्र पाऊस उघडला आणि आम्ही टेकडीच्या पायथ्याशी फोंताईन्हासमध्ये रेखाटनाला उतरलो. त्या अरुंद गल्लीत डोळ्यांच्या वरच्या कौलांच्या कडा दूर जाताना खाली उतरत होत्या, खालच्या जोत्यांच्या कडा वर चढत होत्या, आणि दोन्ही माझ्याच डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूकडे धावत होत्या. मी खाली बसले की तो बिंदूही माझ्याबरोबर खाली बसत होता. कळशीत जे कळले तेच येथे संपूर्ण गल्लीभर पसरलेले होते, आणि ते पाहून मला इतका आनंद झाला की रेखाटन अर्धेच राहिले.

शनिवारी संध्याकाळी कदंब बसने घरी आले. चवथ तीन आठवड्यांवर आली होती आणि आजोबा चित्रशाळेत डोळ्यांच्या आखणीला बसले होते. त्यांनी मूर्ती उंच चौरंगावर ठेवली होती आणि स्वतः खाली, पाटावर बसून, मान वर करून ते बुबुळाची रेघ ओढत होते. वयाच्या दहाव्या वर्षापासून मी त्यांना असेच बसताना पाहत आले होते. गुडघे दुखत असताना हा त्रास कशासाठी, असे एकदा विचारावे हे मात्र मला कधी सुचले नव्हते. त्या दिवशी विचारले. रेघ पुरी होईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बाय, गणपती मखरात उंच बसतो आणि आरती करणारे खाली उभे असतात. त्यांना तो दिसणार इथून.’’

मी पाट ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि वर पाहिले.